पावलांची ओळख

परिषदेची राजवट कोसळून दोन महिने होत आले, तरी सोलापुरातले लोक अजून पावलाला पाऊल लावूनच चालत होते. कुणी ठरवून करत नव्हतं. नव्या पेठेत भाजीला निघालेल्या दोन अनोळखी बायका शेजारी आल्या की त्यांची पावलं आपोआप जुळायची, आणि ते लक्षात आलं की दोघी ओशाळून हसायच्या. शाळेतून सुटलेली पोरं तशीच चालायची, अंत्ययात्रेतले खांदेकरीसुद्धा. अंगात मुरलेली भीती हवापालट झाल्यासारखी एका दिवसात जात नाही.

सुमंगल बिराजदार हे बघायची आणि मान खाली घालून पुढे जायची. लोकांना ज्या यंत्राची भीती वाटायची ते तिनंच बनवलं होतं.

खरं तर ते भूकंपासाठी होतं. तिचे वडील किल्लारीच्या भूकंपातून वाचलेले. त्या पहाटे दगडामातीच्या भिंतीखाली त्यांची दोन भावंडं गेली, आणि तेव्हापासून ते आयुष्यभर दारापाशी झोपले. त्यांच्यामुळेच सुमंगल भूभौतिकी शिकली. इंटरनेटसाठी शहरांच्या पोटातून काचतंतूंच्या केबल नेलेल्या असतात. केसाएवढ्या बारीक त्या काचेत लेसरचा प्रकाश सोडला, तर त्याचा अगदी थोडा अंश काचेतल्या सूक्ष्म खडबडीवर आपटून माघारी येतो. जमीन किंचित जरी हलली तरी तंतू किंचित ताणला जातो आणि परतणारा प्रकाश बदलतो. तो किती वेळानं परतला यावरून हालचाल नेमकी कुठे झाली ते कळतं. म्हणजे केबलचा प्रत्येक मीटर हा जमिनीला लावलेला एक कान होतो. सुमंगलनं सोलापूरपासून उमरग्यापर्यंतच्या केबल अशा ऐकत्या केल्या. एकदा पहाटेऐवजी भरदुपारी धक्का बसला, तेव्हा शाळांमधल्या घंटा काही सेकंद आधी वाजल्या आणि मुलं मैदानात आली. त्या आठवड्यात तिचे इतके सत्कार झाले, की घरात नारळ ठेवायला जागा उरली नाही.

अडचण एकच होती, गोंगाट. ट्रक, रेल्वे, यंत्रमाग आणि माणसांची पावलं. ती वजा करायची तर आधी ओळखायला हवीत. प्रत्येक माणसाची टाच वेगळी टेकते, वजन वेगळं सरकतं, दोन पावलांमधली उसंत वेगळी असते. यंत्राला हे शिकवायला तिनं घरच्याच माणसांना चालायला लावलं होतं. नवरा सिद्राम शाळेत खेळाचा शिक्षक होता. त्याच्या मैदानाखालून केबल गेली होती. तिथे तो चालला, आणि त्यांची शांभवी चालली, तेव्हा पहिलीत असलेली.

"आई, अजून किती फेऱ्या?"

"कंटाळलीस?"

"नाही. पण पैंजण काढू का? टोचतायत."

"काढ की. यंत्राला पैंजणाशी काय करायचंय."

पुढे निवडून आलेलं सरकार बाजूला सारून परिषद सत्तेवर आली. आधी सहा महिन्यांपुरती म्हणून आली, मग राहिली. वर्तमानपत्रं पातळ झाली, निवडणुका लांबल्या, आणि एके दिवशी परिषदेचे अधिकारी सुमंगलच्या भूकंप केंद्रात आले. केंद्र जुन्या गिरणीच्या आवारात होतं. त्यांतला एक अधिकारी तिला मनापासून कौतुकानं म्हणाला, "मॅडम, फोन घरी ठेवता येतो. तोंड झाकता येतं. पाय घरी ठेवून मात्र कुणाला बाहेर पडता येत नाही." यंत्राला त्यांनी पाऊलवेध असं नाव दिलं. काही वर्षांत ते इतर शहरांतही लागलं, आणि सोलापुरातल्या प्रत्येक माणसाची चाल त्यात जाऊन बसली. कोण कुणाच्या घरी गेलं, किती जण जमले, सगळं विजापूर रोडवरच्या सुरक्षा भवनात आपोआप पोचू लागलं.

सुमंगलनं नोकरी सोडली नाही. सोडणाऱ्या दोघांना अटक झाली होती, हे एक कारण. भूकंपाची सूचनाही त्याच तारांवर चालत होती, हे दुसरं. स्वतःला सांगताना ती नेहमी दुसरं कारणच सांगायची.

शांभवी एव्हाना वस्त्रोद्योगाच्या शिक्षणाला होती. अक्कलकोट रोडवरच्या एका बंद यंत्रमाग शेडमध्ये ती आणि तिच्या चार मैत्रिणी टॉवेलांच्या घडीच्या आतल्या बाजूला परिषदेविरुद्धचा मजकूर छापायच्या. ते टॉवेल गठ्ठ्यांमधून राज्यभर जायचे. घरी कुणालाच ठाऊक नव्हतं. एका दुपारी शेडला गराडा पडला आणि पाचही मुली नेल्या. पुढे एक फोन आला. शांभवी कोठडीत आजारी पडून वारली, अंत्यविधी उरकला आहे, घरी गर्दी जमवू नये, असं एका बाईनं थंड आवाजात वाचून दाखवलं.

सिद्राम आणि सुमंगल कॉलेजपासूनचे सोबती. त्यांच्यात अहो-जाहो कधी नव्हतं, भांडणंही मोकळी असायची. फोन आला त्या दिवसापासून मात्र तो तिच्याशी पाहुण्यासारखा वागू लागला. एकदा जेवताना त्यानं विचारलं, "कुणी फोडलं असेल? माणसानं की तुझ्या तारेनं?"

"मला माहीत नाही."

"तिच्या चालीचा नमुना तूच दिला होतास."

"ती सहा वर्षांची होती, सिद्राम. वाढत्या वयात चाल पार बदलते."

"आणि ते यंत्र रोज नव्यानं शिकतं, असं तूच सांगायचीस."

ती उठून हात धुवायला गेली. परत आली तेव्हा तो ताटावर तसाच बसलेला होता. ती शेजारी बसली आणि अगदी हलक्या आवाजात म्हणाली, "त्या यंत्राला एक गोष्ट जमत नाही. शेकडो पावलं एकाच क्षणी पडली, एकाच ठेक्यात, तर त्याला एकच धक्का ऐकू येतो. माणसं वेगळी काढता येत नाहीत."

सिद्रामनं हातातला भाकरीचा तुकडा ताटात ठेवला. मग म्हणाला, "म्हणजे लेझीम."

सोलापुरात लेझीम शिकवावी लागत नाही, आठवण करून द्यावी लागते. सिद्रामनं शाळेचा कार्यक्रम म्हणून सुरुवात केली. त्याची जुनी मुलं आता गल्लोगल्लीच्या मंडळांत होती, त्यांनी आपापली मंडळं बसवली. लेझमी नव्हत्या तिथे लोक नुसत्या टाळ्यांवर पाय टाकायला शिकले. परिषदेच्या वर्धापनदिनी दुपारी चार दिशांनी हलग्या वाजू लागल्या आणि माणसं घरातून बाहेर पडली. केंद्रात बसलेल्या सुमंगलसमोरच्या पडद्यावर रोज हजारो बारीक रेघा वळवळायच्या. त्या बघता बघता एकमेकींत मिसळल्या आणि शेवटी एकच जाड रेघ उरली, छातीच्या ठोक्यासारखी वर-खाली होणारी. पाऊलवेधानं नावं सांगायचं थांबवलं. सुरक्षा भवनातून फोनावर फोन आले. पार्क चौकात गोळीबार झाला, माणसं पडली, ठेका तुटला आणि पुन्हा जुळला. शिपायांना कुणाला धरायचं ते सांगणारं कुणी उरलं नव्हतं. संध्याकाळपर्यंत त्यांतल्या निम्म्यांनी टोप्या खिशात घातल्या. ही गोष्ट इतर शहरांत पोचली, ती शहरंही उठली, आणि महिन्याभरात परिषद विमानात बसून निघून गेली. जाताना त्यांनी ठिकठिकाणचे चालींचे साठे जाळले. सोलापूरचा तेवढा वाचला, कारण सिद्रामची मंडळं गिरणीच्या आवारात आधी पोचली. त्यांनी फाटकासमोर कडं करून तो वाचवला.

हंगामी सरकारनं सत्य आयोग नेमला. सोलापूरचं काम अ‍ॅडव्होकेट शहनाज बागवान यांच्याकडे आलं. बाईंनी परिषदेच्या तुरुंगात चार वर्षं काढली होती आणि त्यांचा एक कान त्यात कायमचा गेला होता. त्या केंद्रात आल्या, सुमंगलसमोर बसल्या आणि आपला चांगला कान पुढे करून म्हणाल्या, "मी तुम्हाला दोष द्यायला आले नाही. तुमच्यावर गुन्हा नोंदवायचा की नाही ते मागाहून बघू. मला एक सांगा. सुरक्षा भवनाच्या मागच्या दारानं खबरे जायचे. कोण कोण गेलं, ते हे यंत्र सांगेल का?"

"सांगेल."

"सगळ्यांची नावं?"

"ज्यांचे पाय त्या दारापर्यंत गेले, त्या सगळ्यांची."

बागवानबाईंनी डोळे मिटून घेतले. "घराघरांत एकच प्रश्न आहे हो. आमच्या माणसाला कुणी धरून दिलं. हे कळल्याशिवाय लोक पुढे कसे जातील? निवडणूक काही महिन्यांवर आली आहे."

सुमंगल कामाला लागली. कित्येक वर्षांनी तिला शांत झोप लागत होती. पहिली यादी तिनं स्वतः आयोगाच्या कचेरीत नेऊन दिली. ती सुनावणीपर्यंत बंद राहायची होती, पण तिसऱ्याच दिवशी सगळ्यांच्या फोनवर फिरू लागली.

त्या यादीत रंगनाथ बोल्ली हे नाव होतं. तेलुगूभाषक पद्मशाली समाजातला हा शिंपी अशोक चौकाकडे राहायचा. दर पंधरवड्याला तो सुरक्षा भवनाच्या मागच्या दारानं आत गेला होता आणि घटकाभरानं बाहेर आला होता. लोकांनी त्याला दुकानातून ओढून काढलं. तो तेलुगूत आणि मराठीत पुन्हा पुन्हा तेच सांगत होता, की मी शिपायांचे गणवेश शिवून द्यायला जात होतो. दुकानात गणवेशाच्या कापडाचे तागे होते, मापं होती. ती कुणीतरी बघितली तेव्हा रंगनाथ रस्त्यावर पडला होता आणि त्याचा श्वास थांबला होता.

सुमंगल त्याच्या घरी गेली. आपण कोण ते तिनं सांगितलं. रंगनाथची बायको पद्मावती उंबऱ्यातच उभी राहिली. तिनं तिला आत बोलावलं नाही आणि हाकललंही नाही.

"तुमच्या मशिनला ते गेलेले दिसले," ती म्हणाली. "हातात काय होतं ते नाही दिसलं?"

"नाही. ते दिसत नाही."

"मग कशाला सांगायचं?"

परत आली तेव्हा सुमंगलच्या टेबलावर हंगामी गृहखात्याचं पत्र पडलेलं होतं. हैदराबाद रोडवर सरकारविरोधी गटाची सभा झाली, तिला कोण कोण हजर होतं ते कळवावं, त्यात परिषदेचे दोन जुने अधिकारी लपले असल्याचा संशय आहे. तिनं बागवानबाईंना फोन लावला.

"संशय खोटा नाहीये," बाई थकून म्हणाल्या. "ते दोघे खरोखर तिथे आहेत. निवडणूक उधळायचा त्यांचा डाव आहे. तुम्ही द्या नावं. निवडणूक झाली की नवं सरकार कायदा करेल."

"आणि दोघांबरोबर सभेला आलेली बाकीची माणसं?"

"त्यांना कोण हात लावणार आहे?"

"बोल्लीला कुणी लावला?"

मग बाई म्हणाल्या, "सुमंगलताई, मी वाईट माणूस नाही." आणि सुमंगलला तेच जास्त लागलं, कारण ते खरं होतं.

घरी सिद्राम तिची वाट बघत बसला होता. यादीचं कळल्यापासून तो बदलला होता. त्याच्या बोलण्यात पुन्हा घरातल्या माणसाची ऊब आली होती. त्यानं तिच्यासाठी चहा केला, बशीत ओतून दिला.

"आता तुला सगळं उघडता येतं," तो म्हणाला. "शेडवर छापा पडला, त्याच्या आधी मागच्या दारानं कोण गेलं ते बघ. कुणीच गेलं नसेल, तर मग..."

"तर मग तारेनंच सांगितलं."

"हो. जे असेल ते. मला फक्त कळू दे, सुमा. ते माहीत नसल्यामुळे मला शेजाऱ्याच्या डोळ्यांत बघता येत नाही. तिच्या मैत्रिणीच्या बापाशी बोलता येत नाही. तुझ्याशीही नाही."

"उद्या बघते," ती म्हणाली.

तिला खरोखरच बघायचं होतं. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत सगळे बाहेर गेले तेव्हा तिनं साठा उघडला. शांभवीची चाल शोधायला वेळ लागला नाही. जुन्या नमुन्यांत ती अगदी वर होती. पडद्यावर ती एक लहानशी लाट होती, डाव्या पावलाला जरा जोर. लहानपणी गुडघ्याला टाके पडले होते, त्याचा तो जोर. तिच्या पुढे बोट ठेवलं असतं, तर शेवटच्या दुपारचा सगळा हिशेब समोर आला असता, कोण आलं, कुठून आलं, यंत्रानं काय कळवलं.

सुमंगल बोट उचलून बसून राहिली. एखादं नाव दिसलं, तर ते सिद्रामला सांगावं लागेल. मग सिद्राम त्या दाराशी जाईल. एकटा जाणार नाही, मंडळं त्याच्यामागे जातील, आणि त्या माणसाच्या हातात त्या दिवशी काय होतं ते कुणीच विचारणार नाही. आणि नाव दिसलंच नाही, तर पोर आपल्यामुळे गेली हे उरलेलं आयुष्यभर पक्कं माहीत असेल. या दुसऱ्या गोष्टीची तिला जास्त भीती वाटली. साठाच पुसून टाकायचा, असं तिनं ठरवलं. आपण साठा पुसतोय तो लोकांसाठी की या भीतीपोटी, हे तिला तेव्हा ठरवता आलं नाही आणि नंतरही आलं नाही. एवढं मात्र तिला कळत होतं, की एकदा बघितलं तर पुसणं होणार नाही. मग उद्या गृहखात्याचं पत्र, परवा निवडून आलेल्या सरकारचं, आणि प्रत्येक पत्रामागे चांगलं कारण असेल.

तिनं चालींचे सगळे नमुने पुसले आणि त्यांवरून काढलेल्या सगळ्या ओळखी पुसल्या. जमिनीच्या कंपांच्या नोंदी तिनं राहू दिल्या, भूकंपाला त्या लागत होत्या. त्या नोंदींत शहराची सगळी पावलं अजून होती, शांभवीचीही. पण कुणाचं कुठलं ते आता कुणालाच सांगता येणार नव्हतं, तिलाही नाही. जिवंत माणसांना पुन्हा चालवून यंत्राला नव्यानं शिकवता आलं असतं. मेलेल्यांना कोण चालवणार.

काम संपलं. तिनं बागवानबाईंना स्वतःच फोन केला, आणि मग घरी जाऊन सिद्रामला सांगितलं.

तो ओरडला नाही. त्यानं फक्त विचारलं, "पुसायच्या आधी बघितलंस?"

"नाही."

"समोर होतं आणि बघितलं नाहीस?"

"नाही."

"यावर मी विश्वास ठेवू?" तो उठला, खुंटीवरचा सदरा घेतला. "बघितलंस तू. स्वतःचं नाव दिसलं म्हणून पुसलंस. दुसरं काय असणार?"

त्याच संध्याकाळी तो आयोगासमोर गेला आणि त्यानं जबाब दिला.

खटला उघड्या न्यायालयात चालला. परिषदेच्या काळात असं काही झालं असतं तर सुमंगल घरातूनच नाहीशी झाली असती. इथे तिला वकील मिळाला, बागवानबाईंनीच धावपळ करून मिळवून दिला. पत्रकार होते, पुढच्या बाकांवर गमावलेल्या माणसांचे नातेवाईक होते. एक म्हातारे गृहस्थ रोज यायचे, मुलाचा फोटो मांडीवर उलटा धरून बसायचे. सुमंगलला त्यांच्याकडे बघवत नसे. पुरावा नष्ट करून शेकडो कुटुंबांचा न्यायाचा हक्क हिरावला, असा आरोप होता. तिनं तो मान्य केला. पद्मावती बोल्ली साक्षीला उभी राहिली आणि एवढंच म्हणाली, "यांनी हे आधी केलं असतं तर बरं झालं असतं." ते बचावाच्या बाजूनं होतं की विरुद्ध, यावर दोन्ही वकिलांचा बराच वाद झाला.

सिद्राम साक्षीला आला तेव्हा त्यानं एक शब्दही खोटा सांगितला नाही. लेझमीची युक्ती हिचीच, हेही सांगितलं. सरकारी वकिलानं विचारलं, "पुसलेल्या साठ्यात काय होतं ते आरोपीला माहीत होतं, असं तुम्हाला वाटतं?"

"वाटतं," सिद्राम म्हणाला.

न्यायाधीशांनी तीन वर्षांची शिक्षा दिली. अपिलाची मुदत त्यांनी नीट समजावून सांगितली. सुमंगलनं अपील केलं नाही.

निवडणूक फाल्गुनात झाली. कैद्यांना मत नव्हतं, पण बायकांच्या बराकीत दिवसभर तोच विषय होता. दुसऱ्या दिवशी भेटीची वेळ झाली तेव्हा सिद्राम आला. अटकेनंतर तो पहिल्यांदाच येत होता. गज मध्ये ठेवून दोघं बाकांवर बसली. त्याचे केस पार पिकले होते, आणि डाव्या तर्जनीवर शाईची रेघ होती.

"केलंस मतदान," ती म्हणाली.

"केलं. शाळेतच केंद्र होतं. उन्हातसुद्धा रांगेतून कुणी हललं नाही. हिरेमठ सर आले होते, नव्वदीचे, लग्नातला कोट घालून. त्यांना पुढे जा म्हटलं तर गेले नाहीत. म्हणाले, मला रांगेत उभं राहायचंय." त्यानं बोटावरची शाई चोळली. "चांगलं वाटलं. तुला सांगायला हवं म्हणून सांगतोय."

"बरं केलंस."

"कुणाला दिलं, ते नाही विचारलंस."

"ते विचारायचं नसतं."

"विचार की. आता कुणाची भीती आहे?" त्यानं गजावर हात ठेवला. "'न्यायपक्षा'ला दिलं. ते पाऊलवेध पुन्हा उभा करणार आहेत. कायद्यानं, न्यायालयाच्या देखरेखीखाली. जिवंत आहेत त्यांच्याकडून तरी उत्तरं मिळतील म्हणतात. मला पटलं."

रागवायला हवं असं तिला वाटलं, पण राग आला नाही.

"येतील ते निवडून?" तिनं विचारलं.

"येतील असं वाटतंय. लोकांना हवंय ते." मग त्यानं खालच्या आवाजात, जणू हे विचारायलाच आला होता तसं, विचारलं, "बघितलं होतंस का, सुमा? आता तरी सांग. मी कुणाला सांगणार नाही."

"नाही बघितलं."

तो तिच्या चेहऱ्याकडे बघत राहिला. इतक्या वर्षांच्या संसारात तिचं खरं-खोटं त्याला लगेच ओळखता यायचं. आता ते जमत नव्हतं, आणि जमत नाही हे त्यालाही कळत होतं. पहारेकरीण वेळ संपल्याचं सांगायला आली. त्यानं पिशवीतून शेंगाचटणीची पुडी काढून पहारेकरणीच्या हवाली केली, तपासून आत द्यायला सांगितलं आणि उठला. पुन्हा येईन असं तो म्हणाला नाही. सुमंगलनंही विचारलं नाही.

मतमोजणीच्या दिवशी बराकीबाहेरच्या लाउडस्पीकरवर आकडे येत राहिले. संध्याकाळी न्यायपक्षाला बहुमत मिळाल्याचं जाहीर झालं. हरलेल्या पक्षाच्या पुढाऱ्यानं निकाल मान्य केला आणि विजेत्यांचं अभिनंदन केलं. तो आवाज शांत होता. असं काही बराकीतल्या कित्येक बायका पहिल्यांदाच ऐकत होत्या. एका म्हातारीनं टाळ्या वाजवायला सुरुवात केली, मग बाकीच्यांनीही वाजवल्या. सुमंगल गुडघ्यांवर हात ठेवून बसली होती. थोड्या वेळानं तिनं हात उचलले आणि तीही टाळ्या वाजवू लागली.